झमझमचा चुकलेला घोट

मक्केतल्या झमझम विहिरीचं पाणी ज्या हेतूनं प्यावं, त्या हेतूसाठीच असतं. आजाऱ्यानं बरं होण्यासाठी प्यावं, विद्यार्थ्यानं विद्येसाठी, तहानलेल्यानं साध्या तहानेसाठी. मोठमोठ्या आलिमांनी, धर्मपंडितांनी, हे सांगून ठेवलं आहे आणि शतकानुशतकं असंख्य यात्रेकरूंनी त्यावर विश्वास ठेवून घोट घेतला आहे. पेला ओठांशी असताना मागून टाचेवर व्हीलचेअर आली तर काय करावं, याबद्दल मात्र कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

आमच्या तपासनिसांची टाच नेमकी त्याच वेळी चाकाखाली आली.

ते विमा कंपनीत नुकसानीचे तपासनीस होते. कुठे गोदाम जळालं, ट्रक उलटला, छत बसलं, की कंपनी त्यांना पाठवायची. तिथे जाऊन काय बिघडलं ते बघायचं आणि आणखी काय काय बिघडू शकलं असतं त्याचा विचार करायचा, हे त्यांचं काम. पहिला भाग ऑफिसात संपायचा, दुसरा ते घरी घेऊन यायचे. कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी बाहेर पडायचं दार शोधायचे. लहान मूल द्राक्ष खाताना दिसलं की त्यांना द्राक्ष दिसायचं नाही, श्वासनलिका दिसायची. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लागल्या की सगळे टाळ्या वाजवायचे आणि हे पडदे गोळा करून उभे राहायचे. बायको म्हणायची, "यांच्याशी लग्न केलं तेव्हा कबूल आहे का विचारलं, तर हे आधी मांडवाच्या वायरी बघून आले आणि मग हो म्हणाले."

यंदा मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला, तिघं निघणार होते. तपासनीस, त्यांची बायको आणि आपा. आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर आपांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, वेळोवेळी बडवलं आणि नोकरीला लावलं. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊनही त्या अजून घंटा झाल्यासारख्याच बोलायच्या. जायच्या थोडं आधी त्यांच्या पाठीत, खांद्याच्या पात्याखाली, एक गाठ सापडली. डॉक्टरांनी ती चाचपली, फोटो काढले, फोटो उजेडात धरले आणि म्हणाले, "काढून बघू. मग बोलू."

यातलं "मग बोलू" तपासनिसांच्या पोटात जाऊन बसलं. ते स्वतः लोकांना असंच सांगायचे. पाहणी करायची, चेहरा कोरा ठेवायचा, आणि मग बोलू. त्या "मग"मध्ये आजवर कधी चांगली बातमी निघाली नव्हती.

आपांची जागा रद्द झाली. निरोप द्यायला गेले तेव्हा आपा म्हणाल्या, "माझ्या नावानं एक घोट पी. किब्ल्याकडे तोंड करून, बिस्मिल्ला म्हणून, तीन दमांत. आणि मनात फक्त एवढंच आण, आपा बरी होऊ दे. दुसरं काही नको. ऐकतोयस ना?"

"हो आपा."

"तुझ्या मनाचा मला काडीचा भरवसा नाही. पाठ कर."

तपासनिसांनी ते वाक्य पाठ केलं. विमानात केलं, बसमध्ये केलं, काबाभोवती तवाफच्या फेऱ्या घालताना गर्दीच्या प्रवाहात वाहत असतानाही ओठांत तेच होतं. मग दोन रकात नमाज झाली आणि पाण्याची वेळ आली. गार संगमरवर, ओळीनं मांडलेली पिंपं, कागदी पेले, आणि पेला भरताच एकदम गप्प होणारी माणसं. एक बाई पेल्यात बघून रडत होती. एक म्हातारा ओल्या तळव्यानं आपले डोळे पुसत होता, आणि ते पाणी डोळ्यांतलं की पेल्यातलं ते सांगता आलं नसतं. तपासनिसांनी काबाच्या दिशेला, किब्ल्याकडे, तोंड फिरवलं, बिस्मिल्ला म्हटलं, पेला ओठांना लावला. वाक्य तयार होतं. या अल्लाह, आपा बरी...

व्हीलचेअर आली. ते दचकले. तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं, आणि त्या रिकाम्या जागेवर जन्मभराच्या नोकरीनं स्वतःचं वाक्य आणून ठेवलं. आपा ऑपरेशनच्या टेबलावरच गेली तर?

आणि घोट उतरला.

क्षणभर त्यांना काहीच कळलं नाही. मग सगळं कळलं. ज्या हेतूनं प्यावं त्या हेतूसाठी. घोट परत येतो का म्हणून त्यांनी खोकून पाहिलं. व्हीलचेअर ढकलणारा पोरगेला माणूस दहा वेळा माफी मागून गेला, तेही यांना ऐकू आलं नाही. उरलेले दोन दम त्यांनी योग्य वाक्यावर घेतले, पण नोकरीमुळे त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. आधी झालेली घटनाच धरतात, नंतरची सारवासारव धरत नाहीत. त्यांनी पुन्हा पेला भरला. मग आणखी एक. प्रत्येक पेल्याला "आपा बरी होऊ दे" म्हणायला जायचे आणि त्याच्याआधी मागच्या दारानं ते दुसरं वाक्य आत यायचं. "हे आणायचं नाही" असं म्हटलं की ते हमखास आलेलं असायचं.

"अहो, बस करा," बायको म्हणाली. "उंट झालात का? पुढे सात फेऱ्या घालायच्यात. मधेच कुठे जावं लागलं म्हणजे?"

पुढे दोन टेकड्यांमधल्या फेऱ्या होत्या. बीबी हाजरा तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत जिथे धावल्या, तिथेच. हल्ली तिथे छत आहे, पंखे आहेत, आणि हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी थोडं धावायचं, बाकी चालायचं, अशी रीत आहे. तपासनीस पहिल्या पावलापासून धावत सुटले. खोलीत त्यांच्यासोबत राहणारे एक स्पेअरपार्टवाले होते. त्यांनी एकाच पेल्यात गुडघा, धाकट्या मुलीचं लग्न आणि दुकानासमोरचं पार्किंग असं सगळं मागून घेतलं होतं आणि ते अत्यंत समाधानी होते. ते मागून ओरडले, "साहेब, दिवे येऊ द्या! आत्ताच काय!"

पण तपासनिसांना थांबता येईना. ते धावत होते, माफी मागत होते, आणि पोटात इतकं पाणी होतं की प्रत्येक पावलाला ते आतून डुचमळत होतं. इतर लोक दुआ ऐकत होते. यांना फक्त ते डुचमळणं ऐकू येत होतं.

नंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. घरून फोन आला की नाव बघून ते आधी खाली बसायचे. आपांचा आवाज थोडा बसलेला वाटला तर, "आपा, खोकला कधीपासून?"

"अरे, पोळी तोंडात आहे माझ्या! जरा गिळू देशील?"

गिळण्याचा उल्लेख झाला की ते आणखीच घाबरायचे.

शेवटी धीर करून त्यांनी ग्रुपच्या मौलानांना गाठलं. मौलाना हॉटेलच्या जेवणघरात चहात पाव बुडवत बसले होते.

"मौलाना, माझ्या एका मित्राला विचारायचं होतं," तपासनीस म्हणाले. "झमझम पिताना त्याच्या मनात नको ते आलं. एका जवळच्या माणसाबद्दल."

"वसवसा," मौलाना म्हणाले. "येतात असले विचार मनात. त्याची माफी आहे. जोवर तोंडानं बोलला नाही किंवा त्यावर अंमल केला नाही, तोवर काही नाही."

तपासनीस खुर्ची ओढून जवळ सरकले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण अंमल झाला ना, मौलाना. प्यायला तो."

मौलानांचा पाव चहात पडला. तो चमच्यानं काढत त्यांनी विचारलं, "हे तुमचे मित्र काय करतात?"

"विम्यात आहेत."

"मग त्यांना सांगा, अल्लाह म्हणजे कंपनी नव्हे. तो बारीक अक्षरांत काही लिहून ठेवत नाही."

कोणाचंही समाधान व्हावं असं उत्तर होतं. पण तपासनिसांनी आयुष्यभर बारीक अक्षरंच वाचली होती. जिथे ती दिसत नाहीत तिथे ती फारच बारीक असणार, असा त्यांचा अनुभव होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते घरी परतले. दारात माणसं जमली होती. बायकोनं झमझमचा कॅन उघडला आणि लहान लहान पेल्यांतून सगळ्यांना पाणी द्यायला सुरुवात केली. शेजारी, मावशा, भाचे, वरच्या मजल्यावरचं कुटुंब, सगळे उभे राहून, तोंड फिरवून, डोळे मिटून पीत होते. तपासनीस भिंतीला टेकून एकेकाचा चेहरा बघत होते. हे सगळे मनात नेमकं काय आणतायत? कोणी तपासतंय का? पेट्रोलपंपावर माणसं बिड्या पेटवून उभी आहेत असं त्यांना वाटत होतं.

आपांच्या वाट्याची बाटली मात्र त्यांनी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. आपांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "उद्या. सगळं झाल्यावर." आपांनी त्यांच्याकडे वर्गात कॉपी करणाऱ्या मुलीकडे बघावं तसं पाहिलं.

सकाळी हॉस्पिटलात आपांना हिरवा झगा घालून कॉटवर बसवलं होतं. तो मागून नाड्यांनी बांधायचा असतो आणि कसाही बांधला तरी पाठ उघडी राहते. जन्मभर पदर सावरलेल्या बाईला तो झगा गाठीपेक्षाही जास्त टोचत होता. भाऊ आणि भावजय शेजारी उभे होते. सिस्टर येऊन बजावून गेली, "काही खायचं नाही, प्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही." ती वळताच आपांनी भावजयीपुढे हात केला.

"आण."

बायकोनं पिशवीतून बाटली काढली. कपड्यांच्या मागची. नवऱ्याच्या लपवायच्या जागा तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून पाठ होत्या.

तपासनीस पुढे झाले. "आपा, नको! थेंबसुद्धा नाही म्हणाली ती!"

"ती पाण्याबद्दल म्हणाली. हे पाणी नाही."

"आपा, ऐक माझं..."

"तुझं ऐकायला मी आणि कधी सुरुवात केली?" असं म्हणून आपांनी तोंड किब्ल्याकडे वळवलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि त्या तीन दमांत प्यायल्या. मग तोंड पुसून बाटली परत दिली. लगेच वॉर्डबॉय आले, त्यांना स्ट्रेचरवर घेतलं आणि चाकं फिरली.

तपासनीस जागच्या जागी थिजले. कारण त्यांना आता सगळं दिसलं. इतके दिवस त्यांना फक्त "काय" होणार ते ठाऊक होतं, "कसं" ते ठाऊक नव्हतं. भूल देतात, गळा ढिला पडतो, पोटातलं वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं. असं एक प्रकरण त्यांनी स्वतः तपासलं होतं. रिपोर्टच्या शेवटी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "टाळता येण्याजोगे." म्हणजे त्यांच्या त्या घोटाला काही चमत्कार करायची गरजच नव्हती. तेच पाणी, तीच बहीण, टेबलही तयार.

लाल दिव्याच्या दारापाशी स्ट्रेचर पोचत होतं. दारातच भूल देणाऱ्या डॉक्टर बाई मास्क लावून आपांना विचारत होत्या, "काही खाल्लं-प्यायलंय का सकाळपासून?"

"नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. इतक्या स्वच्छ उच्चारात की कोणालाही खरं वाटावं.

"प्यायल्यात!" तपासनीस धावत येऊन ओरडले. त्यांची एक चप्पल मागे राहिली होती. "आत्ता प्यायल्यात! मी पाहिलं! पोटात आहे!"

डॉक्टर बाईंनी आपांकडे पाहिलं. "पाणी प्यायलात?"

"पाणी नाही," आपा म्हणाल्या. "झमझम."

"फुफ्फुसाला तो फरक कळत नाही, बाई," डॉक्टर म्हणाल्या. रागानं नव्हे, हवामान सांगावं तशा. "किती?"

"तीन घोट," तपासनीस म्हणाले. "एकेक दमात एक."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. थांबावं लागेल म्हणाल्या, आणि तोवर सर्जन दुसऱ्या हॉस्पिटलला गेलेले असतील. "उद्या सकाळी पहिलंच घेऊ. आणि ती बाटली घरी ठेवा." स्ट्रेचर कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून वॉर्डबॉय निघून गेले.

आपा छताकडे बघत पडून होत्या. नाकपुड्या फुललेल्या.

"आणखी एक रात्र," त्या म्हणाल्या. "आणखी एक रात्र मला त्या गाठीचा विचार करत काढायला लावलीस. वैरी आहेस का रे माझा?"

आणि तपासनिसांचा बांध फुटला. तिथेच, स्ट्रेचरचा दांडा धरून, एका चपलेवर उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं. व्हीलचेअर, दचकणं, ते वाक्य, तो घोट, नंतरचे पेले. "मी तुझं मरण मागून आलोय, आपा. तिथे उभं राहून. त्याच पाण्यावर."

बायकोनं तोंडावर हात ठेवला. आपांनी विचारलं, "मग काय केलंस?"

"मग काय करणार? धावलो. फेऱ्यांमध्ये."

"चाललास की धावलास?"

"धावलो. सगळ्या. मला थांबताच येईना."

"हं." आपा कोपरावर उठून बसायला लागल्या. पाठ उघडी पडली तशी बायकोनं झटकन ओढणी टाकली. "बीबी हाजरांची गोष्ट तुला लहानपणी किती वेळा सांगितली मी?"

"खूप वेळा."

"आणि तुझं लक्ष कुठे होतं कोण जाणे. उजाड दरी, पाण्याची मशक रिकामी, तान्हं बाळ तहानेनं टाचा घासतंय. त्या उठल्या त्या का? लेकराकडे बघवेना म्हणून. बघवेना म्हणजे काय? त्यांच्या मनात तेव्हा काय असेल? तुझ्यासारखं पाठ केलेलं वाक्य?"

तपासनिसांनी नकारार्थी मान हलवली.

"लेकरू मेलं तर, हेच असणार. या टेकडीवर हेच, त्या टेकडीवर हेच. दुसरं काही सुचेल का आईला? आणि पाणी कुठे निघालं? त्या शोधत होत्या तिथे नाही. मागे, लेकराच्या पायाशी." आपांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण ओढणीचं टोक त्या पुन्हा पुन्हा आवळत होत्या. "झमझमचं पाणी भीतीतच निघालंय, खुळ्या. तुझी भीती त्याला काय नवी? तू मरण नाही मागितलंस. तू घाबरलास. अल्लाह काय एवढाही फरक न कळणारा आहे?"

थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या, "मी आत्ता काय मागितलं, विचार."

"काय?"

"काहीच नाही. इतकी घाबरले होते की मागायचंच विसरले. नुसतं प्याले."

तपासनिसांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आपा त्यांच्यापेक्षा लहान दिसल्या, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही. त्यांनी दांड्यावरचा हात काढून आपांच्या हातावर ठेवला. आपांनी तो झटकला नाही, ही गोष्ट तर गाठीपेक्षाही काळजीची होती.

आपांचं बोलणं त्यांना मनापासून पटलं. हे पटणं सुमारे कँटीनपर्यंत टिकलं.

दुसऱ्या सकाळी आपा उपाशी आत गेल्या. लाल दिवा लागला. तपासनीस बाकावर बसले आणि त्या दिव्याकडे बघत राहिले. मनात ते दुसरं वाक्य आलं की या वेळी ते त्याला हाकलत नव्हते, नुसते त्याच्याबरोबर बसून होते. बायको शेजारी तसबीहचे मणी ओढत होती आणि मधेच त्यांचा गुडघा हलायचा थांबवत होती. दार उघडलं की ते उभे राहायचे. कधी झाडूवाली निघायची, कधी रिकामी ट्रॉली. एकदा एक माणूस धावत आत गेला आणि तपासनिसांनी डोळे मिटून घेतले. तो डबा विसरला होता.

मग सर्जन बाहेर आले. मास्क खाली केला. चेहरा कोरा. तपासनिसांना तो चेहरा आतून ठाऊक होता.

"शुद्धीवर आल्यात," सर्जन म्हणाले. "वॉर्डबॉयला ओरडतायत."

गाठ चरबीची होती. लिंबाएवढी. काढली नसती तरी चाललं असतं.